आप्पांचे हातमोजे आणि पिल्लाचे दात

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात काही अडलं की ते माझ्याकडे येतं. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचा अर्ज, गाईच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते, मोबाइल मध्येच इंग्रजीत गेला तर त्याला परत मराठीवर आणणं. यातलं निम्मं मला येत नाही. पण ‘मला नाही येत’ म्हटलं की आई विचारते, “मग रोज लोनावळ्याला काय बगाया जातीस?” म्हणून मी ‘बघते’ म्हणते आणि कुणाला तरी विचारून येते. पिल्लाचं चावणं सोडवायचं कामही असंच माझ्याकडे आलं.

पिल्लू आणलं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमची परंदवडीत थोडी भातशेती आहे, पण बारा महिने आप्पा जवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब कापायच्या कामाला जातात. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ते घरी आले तेव्हा जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढलेली आणि पोट पुढे आलेलं. आईने विचारलं, “काय आणलंय?” त्यांनी चेन खाली केली तर आतून एक तांबूस डोकं वर आलं. पॉलिहाऊसच्या मागे पाइपांच्या ढिगात एक कुत्री व्यायली होती, तिचं हे एक. जेमतेम महिन्याचं होतं. चालताना मागचे पाय एका बाजूला जायचे, पण दात आले होते. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, टोकदार.

“येवढं ल्हान का उचललं?” आई म्हणाली. “आईचं दूद तरी सुटू द्यायचं.”

“लवकर आणलं की घराला लय जीव लावतं,” आप्पा म्हणाले.

आमच्याकडे सगळे असंच मानतात. पिल्लू मोठं झालं की ते आपल्या भावंडांचं होतं, आपलं होत नाही, असं म्हणतात. त्यामुळे यात कुणाला काही चुकलंसं वाटलं नाही. मलाही नाही.

त्याला आम्ही पिल्लूच म्हणायला लागलो. नाव ठरवू म्हणता म्हणता राहून गेलं. पहिला महिना त्याने घरातलं काय काय चावलं ते सांगत बसत नाही. चपलांचे अंगठे, घोंगडीची दशी, गाईच्या शेपटीचं टोक, माझं प्राणिशास्त्राचं जर्नल. जर्नलमध्ये नेमकं बेडकाच्या पचनसंस्थेचं पान गेलं. पण वस्तूंचं कुणाला फारसं वाटत नव्हतं. खरी पंचाईत ही होती की त्याला सगळ्यात जास्त माणसं आवडायची. बसलेल्या माणसाचा हात, चालणाऱ्या माणसाची टाच, झोपलेल्या माणसाचा कान. रागाने नाही चावायचं, उलट फार आनंदात असायचं. शेपटी हलत असायची आणि दात रुतलेले असायचे. एकदा माझ्या मनगटातून रक्त आलं. तळेगावच्या सरकारी दवाखान्यात जाऊन मी सुया घेतल्या, आणि पिल्लालाही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन लस टोचून आणली. डॉक्टरांकडेही त्याने टेबलाचा कोपरा चावून बघितला.

आईचा उपाय खराटा हा होता. पिल्लू चावलं की ती खराटा उगारायची. दोनतीन दिवसांत पिल्लाची अशी समजूत झाली की खराटा त्याच्यासाठीच आणलाय. आईने अंगण झाडायला घेतला की ते खराट्याला लटकून अंगणभर घसरत जायचं. शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून बघायच्या. त्या दर गुरुवारी शिरगावला देवळाबाहेर फुलं विकतात, बाकीचे सहा दिवस आमच्या घराकडे त्यांचं लक्ष असतं.

“अंगन चांगलं निगतंय की,” त्या म्हणायच्या. “दोगं मिळून झाडताय.”

जानेवारीत ताई आली. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात सासरच्यांनी ओटी भरली आणि आप्पा तिला घेऊन आले. पुढची गोष्ट तिच्या येण्याच्या चौथ्या दिवसाची आहे. ताई मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी उभी होती. पिल्लू मागून आलं आणि तिच्या साडीचा काठ तोंडात धरून त्याने मागे ओढ घेतली. ताईचा तोल गेला. तिने गोठ्याच्या लाकडी मेढीला हात घातला म्हणून ती दगडावर पडली नाही. ती मेढ धरूनच खाली बसली. पिल्लू साडीचा काठ सोडून तिच्या पावलांशी खेळायला लागलं होतं.

आई ओरडली नाही. तिने ताईला आत नेलं, पाणी दिलं, बाहेर आली आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “बाळ घरात यायच्या आत ह्याचं चावनं थांबलं पायजे. न्हाईतर मामाला फोन करते, इंदुरीला घिऊन जाईल.”

मामाचा मळा इंदुरीला नदीकडे आहे. आमचा आधीचा कुत्रा कोंबड्यांच्या मागे लागायचा म्हणून आईने तिकडेच दिला होता. मागच्या भाऊबीजेला मी आईबरोबर गेले तेव्हा तो मला बघून उठला होता. साखळी दोन हातांची होती. ती संपेपर्यंत तो आला आणि तिथे मागच्या पायांवर उभा राहिला. त्याच्याभोवतीची जमीन गोल झिजून गुळगुळीत झाली होती. मामा वाईट माणूस नाही. मळा राखायचा तर कुत्रं बांधावं लागतं, असं त्याला वाटतं. मी त्या दिवशी घरी येऊन कुणाला काही बोलले नव्हते. पण आईने ‘मामाला फोन करते’ म्हटलं तेव्हा मला ती गोल जमीन दिसली.

“मी शिकवते त्याला,” मी म्हणाले.

“तू?” आई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “शिकीव. कालिजात जातीस तर येवढं तरी शिकीव.”

कसं शिकवायचं ते मला माहीत नव्हतं. मी रोज सकाळी बेगडेवाडीहून लोकलने लोणावळ्याला जाते. त्या प्रवासात मोबाइलवर शोधायला लागले. बहुतेक सगळं इंग्रजीत होतं आणि त्यातली पिल्लं गालिच्यावर बसलेली होती. एवढं कळलं की पिल्लू चावलं की दुखल्यासारखा बारीक आवाज काढायचा, हात सोडवून घ्यायचा आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची. खेळ बंद. थोड्या वेळाने पुन्हा खेळायला घ्यायचं. आणि चावायला त्याच्या हक्काचं काहीतरी द्यायचं. एका शनिवारी लोणावळ्याच्या फलाटावर एका पर्यटक बाईंजवळ पांढरा केसाळ कुत्रा होता. तो रबरी हाडूक चघळत इतका गुणी बसला होता की त्यांना काहीतरी विचारावं असं फार वाटलं. मी दोनदा त्यांच्या बाकापर्यंत गेले आणि चिक्कीच्या जाहिराती वाचून परत आले.

घरी आल्यावर मी नारळाची शेंडी सुतळीने आवळून बांधली आणि ते पिल्लाचं हाडूक केलं. मग अंगणात बसले. पिल्लाने शेंडी हुंगली आणि माझा अंगठा धरला.

“आऊच,” मी म्हणाले. व्हिडिओतली बाई तसंच म्हणत होती.

पिल्लाने मान तिरकी केली आणि अंगठा जास्त घट्ट धरला. ओट्यावर बसलेली ताई पोट धरून हसायला लागली.

“त्याला कुटलं कळतंय तुजं आऊच,” आई आतून म्हणाली. “आई गं म्हन.”

मी “आई गं” म्हणाले. यावेळी खरंच दुखलं होतं. पिल्लाने अंगठा सोडला आणि माझ्याकडे बघत राहिलं. मी उठून पाठ फिरवली. काही क्षण काही झालं नाही. मग माझ्या टाचेला ओलं नाक लागलं.

तेव्हापासून दिवसातून पन्नास वेळा घरात ‘आई गं’ व्हायला लागलं. सुरुवातीला आई प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून “काय गं?” म्हणायची. नंतर तिने ओ द्यायचं सोडलं. ताई बाजेवर बसल्या बसल्या पाय वर घेऊन ‘आई गं’ म्हणायची. तिला उठून पाठ फिरवता येत नव्हती, म्हणून ती नुसतं तोंड फिरवायची. आईनेही खराटा बाजूला ठेवला, पण तिचं ‘आई गं’ इतकं खणखणीत असायचं की पिल्लू तर पिल्लू, गायही मान वर करायची.

“काय चाललंय गं?” मावशींनी कुंपणावरून विचारलं.

“त्याला शिकवतोय, मावशी. चावलं की आपल्याला दुखतं, हे त्याला कळायला पाहिजे.”

“आमच्यात कुत्र्याला भाकर टाकत्यात,” मावशी म्हणाल्या. “तुमच्यात धडं देत्यात व्हय. परीक्षा कदी हाय त्याची?”

परीक्षा मार्चमध्ये होती. त्याची आणि माझीही.

दोन आठवड्यांत फरक पडला, हे मी खरं सांगते. माझा हात तोंडात घेतला तरी ते दाबायचं नाही, नुसतं धरायचं, आणि मी ‘आ’ म्हणायच्या आत सोडायचं. दुपारी घरी असले तर वाटायचं, झालं, जमलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून. सकाळी पिल्लू आदल्या दिवशीचं सगळं विसरल्यासारखं हातांवर झेप घ्यायचं. तेही तळहातावरच, पंजा उघडा दिसला की. मला कळेना की संध्याकाळ आणि सकाळ यांच्यात होतं काय.

शेवटी मी प्राणिशास्त्राच्या मॅडमना विचारलं. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळ्या मुली जाईपर्यंत मी सूक्ष्मदर्शक पुसत राहिले. मॅडम म्हणाल्या, “काय हवंय? तो मघाशीच स्वच्छ झालाय.” मग मी सांगितलं. जर्नलचं बेडकाचं पान कुठे गेलं तेही सांगावं लागलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती दिवसांचं असताना आणलं. मी म्हणाले, महिन्याचं.

“तिथेच गोम आहे,” त्या म्हणाल्या. “पिल्लं चावायला शिकत नाहीत, ते त्यांना येतंच. किती जोरात चावायचं ते शिकतात, आणि ते भावंडांकडून शिकतात. एकाने जोरात धरलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. तुमचं पिल्लू त्या शाळेत गेलंच नाही. आता तुम्हीच त्याची भावंडं.”

“आम्ही करतोय, मॅडम. पण सकाळी पुन्हा तसंच होतं.”

“मग घरात कुणीतरी चालवून घेतंय,” मॅडम म्हणाल्या. “नऊ जणांनी नको म्हटलं आणि दहाव्याने खेळू दिलं, तर पिल्लू दहाव्याचं लक्षात ठेवतं.”

आमच्या घरात दहा माणसं नव्हती, चारच होती. परतीच्या गाडीत मी एकेकाचा विचार केला. आईने चालवून घेणं शक्य नव्हतं. ताईवर मला संशय आला, कारण तिला पिल्लाची दया यायची आणि ती त्याला गुपचूप शेंगदाणे द्यायची. आप्पांचा विचार मी केलाच नाही. आप्पा पिल्लाशी खेळतात हे मला माहीतच नव्हतं. खरं तर आप्पा कुणाशी खेळतात असंच मला माहीत नव्हतं.

आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. गुलाब कापताना ते जाड चामड्याचे हातमोजे घालतात, पण गड्ड्या बांधताना मोजे काढावे लागतात. मग बोटांत काटे शिरतात आणि मोडून आतच राहतात. दर रविवारी सकाळी अंगणात ऊन आलं की आई त्यांचा हात आपल्या मांडीवर घेते, मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढते आणि एकेक काटा उकरून काढते. मी लहानपणापासून हे बघतेय. आप्पा त्या वेळी समोरच्या डोंगराकडे बघत बसतात. हात आकसत नाही, तोंड वाकडं होत नाही. आई विचारते, “दुकतंय का?” ते म्हणतात, “न्हाई.” पिनेला रक्त लागलेलं असतं.

फेब्रुवारीत गुलाबाच्या कामाची फार घाई असते. त्या दिवसांत आप्पांना सुट्टी नव्हती आणि काटे काढायलाही वेळ नव्हता. ती घाई ओसरली त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस कॉलेज लवकर सुटलं. एरवी मी घरी पोचते तेव्हा आप्पा हातपाय धुऊन चहाला बसलेले असतात. त्या दिवशी मी त्यांच्या आधी पोचायला हवं होतं, पण तेही लवकर सुटले होते. दारात त्यांच्या चपला होत्या, ते घरात नव्हते. गोठ्याच्या मागून गुरगुरण्याचा आवाज येत होता.

मी कोपऱ्यावरून बघितलं. पेंढ्याच्या गंजीला टेकून आप्पा जमिनीवर बसले होते, पाय पसरून. हातांत ते चामड्याचे मोजे होते. उजव्या मोज्याला पिल्लू लटकलं होतं, सगळे दात रुतवून, डोळे मिटून. आप्पा हात हळूहळू वर उचलत होते, पिल्लाचे पुढचे पाय जमिनीवरून सुटत होते, आणि आप्पा हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यांनी हात खाली आणला, पंजा उघडला आणि पिल्लापुढे नाचवला. “हान. हान की. ह्या बाजूनं.” पिल्लाने झेप घेतली.

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मला राग यायला हवा होता. महिनाभर माझी बोटं सोलली होती. पण आप्पांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी पुढे गेले तर ते थांबणार हे मला कळत होतं. तरी गेले. ताईचे दिवस भरत आले होते.

मला बघून आप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. पिल्लू मांडीखाली मोजे शोधायला लागलं.

“लवकर आलीस,” आप्पा म्हणाले.

“व्हय. आप्पा, हे रोज चालतं?”

“रोज न्हाई.” मग म्हणाले, “रोजच. पाच मिन्टं. तू यायच्या आदी. आन सकाळी तू उटायच्या आदी.”

“मी त्याला चावू नको म्हणून शिकवतेय, आणि तुमी...”

“मला कुटं लागतंय?” त्यांनी मोजे बाहेर काढून दाखवले. “चामडं हाय. त्येचा बी खेळ हुतो.”

“तुमाला लागत न्हाई, म्हणूनच,” मी म्हणाले. आप्पांना मी कधी काही शिकवलं नव्हतं. “त्याला वाटतं माणसाच्या हाताला लागतच न्हाई. कितीबी जोरात धरलं तरी चालतं. मग ते आमाला तसंच धरतं. बाळ आलं की बाळाला तसंच धरंल. आई त्याला मामाकडं पाठवणार.”

पिल्लाने मोज्याचं एक बोट धरून ओढायला सुरुवात केली होती. आप्पांनी मोजा काढून घेतला, दुसराही काढला, दोन्ही घडी करून कमरेला खोचले.

“मग म्या काय करू?”

“चावलं की दुखलं म्हणा. आई गं म्हणा. आनी उठून जावा.”

“दुकलं न्हाई तरी?”

“दुखलं न्हाई तरी.”

त्यांनी उघडा हात पिल्लापुढे धरला. पिल्लाने सवयीने पूर्ण जोर लावून चावा घेतला. तळहाताला घट्टे इतके होते की कातडी दबलीही नाही. मी म्हणाले, “म्हणा.” आप्पांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी घसा खाकरला. पिल्लू चावतच होतं.

“हं,” आप्पा म्हणाले.

“हं न्हाई, आप्पा.”

“मला न्हाई जमायचं गं ते,” ते म्हणाले, आणि लाजले. खरंच लाजले.

त्या दिवसापासून चहा झाला की ओट्यावर आप्पांचा वर्ग सुरू झाला. पिल्लापेक्षा ते अवघड विद्यार्थी होते. पिल्लू चावायचं, आप्पा एकदम कडक आवाजात “ए” म्हणायचे. पिल्लू खूश व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसं “आई गं” म्हणून दाखवलं. ताई म्हणाली, “आप्पा, असं कुणी दुखल्यावर म्हणतं का?” आई भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यान्ला कसं यील? पंचवीस वर्सं काटं काडतीया मी. येकदा बी ऐकलं न्हाई.”

“दुकायचं न्हाई तर काय म्हनू?” आप्पा म्हणाले.

“तर तर. न्हाई दुकायचं,” आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

इकडे मार्च उजाडला. माझी परीक्षा आणि ताईची तारीख एकाच आठवड्यात आली. मामाचा फोन येऊन गेला, की मळ्यावर राखणीला दुसरं कुत्रं पाहिजेच आहे, कधी येऊ. आईने सांगितलं, सांगते. मी रात्रंदिवस अभ्यास करत होते म्हणायला, पण पुस्तकात लक्ष नव्हतं.

त्या रविवारी आप्पांचे बरेच दिवसांचे साठलेले काटे काढायचे होते. आई पाणी तापवत होती, आप्पा अंगणात उन्हाला बसले होते. पिल्लू आलं आणि खेळायला म्हणून त्यांच्या अंगठ्याखालचा फुगीर भाग तोंडात धरला. तिथे आत एक काटा मोडलेला होता आणि तो पिकला होता, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. पिल्लाचा दात नेमका त्यावर बसला.

“आई गं,” आप्पा म्हणाले.

मोठ्याने नाही. बारीक, खालच्या आवाजात, लहान मुलासारखं. मी पुस्तक ठेवलं. आई पातेलं तसंच हातात घेऊन दारात आली. पिल्लाने हात कधीच सोडला होता. कान मागे पाडून ते दोन पावलं मागे गेलं, खाली बसलं आणि आप्पांच्या तोंडाकडे बघायला लागलं. मग सरकत सरकत पुढे आलं आणि अंगठ्याखालची ती जागा चाटू लागलं.

आईने त्याला बाजूला सारलं. “जखमेला तोंड लावू दिऊ नका,” म्हणाली आणि पातेलं खाली ठेवून आप्पांचा हात मांडीवर घेतला. “कवापासून हाय हे?”

“झालं धा-बारा दिस.”

“आन बोलला न्हाई.”

आप्पा डोंगराकडे बघायला लागले. पण काटा निघताना त्यांनी पुन्हा एकदा, अगदी हळू, तेच म्हटलं. आईने पिन जरा हळू फिरवली.

त्यानंतर आप्पांना ते यायला लागलं. पिल्लाने दात लावले की लगेच, खोटं असलं तरी खऱ्यासारखं. आणि पिल्लाने आप्पांचं जेवढं ऐकलं तेवढं माझं महिनाभरात ऐकलं नव्हतं. आठ दिवसांत सकाळच्या झेपा बंद झाल्या. पंजा उघडा दिसला की ते आता त्यावर हनुवटी ठेवायचं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शिकवलं मी, आणि शिकलं ते आप्पांकडून.

ताईला मुलगी झाली. माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातून घरी आणलं. आईने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळला. पिल्लाला मी गोठ्यात बांधलं होतं, सुतळीने, कारण घरात साखळी नव्हती आणि मला ती आणायची नव्हती. पाच-सहा दिवस ते तसंच वास घेत बसलं. मग एका सकाळी ताई बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसली असताना आई म्हणाली, “सोड त्याला. आज ना उद्या सोडायचंच हाय. आमी हितं हाये तवर बगू.”

आई बाळाच्या एका बाजूला बसली, आप्पा दुसऱ्या. मी पिल्लाच्या गळपट्ट्यात बोट अडकवून त्याला पुढे आणलं. पिल्लाने दुपट्याचा वास घेतला. दुपट्याचं टोक बाजेवरून खाली लोंबत होतं. ते त्याने तोंडात धरलं, हळूच, आणि ओढायला मान मागे नेली.

“आई गं,” आप्पा कुजबुजले. बाळ झोपलं होतं.

पिल्लाने टोक सोडलं. जीभ बाहेर काढून एकदा तोंड चाटलं, आप्पांकडे बघितलं, आणि बाजेखाली जाऊन आडवं झालं. ताईने दुपट्याचं टोक वर ओढून बाळाखाली खोचलं.

दुपारी मामाचा फोन आला. आईने फोन खांद्यात धरला होता, हातात डिंकाचे लाडू होते. “न्हाई रं,” ती म्हणत होती, “आता न्हाई द्यायचं ते. तू दुसरं बग. अरं, लय शिकलंय ते.” पलीकडून मामा काहीतरी म्हणाला. आई म्हणाली, “हसू नगं. तुज्या दाजीला शिकीवलं त्यानं, तुला काय सांगू.”

पुढच्या रविवारी अंगणात ऊन आलं तसा आईने आप्पांचा हात मांडीवर ओढला आणि मंगळसूत्रातली पिन काढली. मी पायरीवर बसले होते, बाळ माझ्या मांडीवर होतं. आईने पिन हाताजवळ नेली.

“आई गं,” आप्पा म्हणाले.

“अवं, आजून टोचली बी न्हाई,” आई म्हणाली.

तेवढ्यात गोठ्यामागून पिल्लू पळत आलं. धापा टाकत आप्पांच्या गुडघ्यापाशी थांबलं, आपण कुणाला चावलो ते आठवत असल्यासारखं तिघांच्या तोंडाकडे बघितलं, आणि गप खाली बसलं.